कोपीतलं मूल कोण मोजणार?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड, पाथर्डी, शिरूर कासार भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत असतील. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडलेली असते. दिवाळी आटोपली की भांडीकुंडी, शेळी आणि पोरं ट्रॉलीत चढतात. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा ही पोरं कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतात.

वर्षभर एकच गोष्ट सलते आहे. मुलांच्या गरिबीबद्दल जे जे वाचायला मिळतं, ते बहुतेक घराच्या हिशेबातून आलेलं असतं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याचं माप कुटुंबाच्या खर्चाचं होतं आणि आपण अजून तिथेच आहोत. घरात येणारा पैसा भावाच्या वाट्याला किती आणि बहिणीच्या किती, हे त्या मापात दिसत नाही. आणि जे घर सहा महिने कुलूपबंद असतं, त्याचं काय?

फडावर पहाटे आईबाप कोयता घेऊन उसात शिरतात. एक खाडा झाला तरी मजुरी कापली जाते, म्हणून आठ-नऊ वर्षांची मुलगी मागे थांबते. उसाच्या बांधाला साडीची झोळी, झोळीत धाकटं भावंड; त्याला झोका देता देता ती वाढे गोळा करते, पाणी आणते, भाकरीच्या पिठाला हात लावते. बहुतेक सर्वेक्षणांत ती 'कामगार' नाही. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र तिचं नाव असतं.

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागे विठ्ठलराव विख्यांबरोबर धनंजयराव गाडगीळ उभे राहिले, ते याच गोखले संस्थेचे. त्या साखरेतून पश्चिम महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालयं उभी राहिली, शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर झाली. त्याचा मला अभिमान आहे. पण ऊस तोडणाऱ्याचं मूल त्या शाळेच्या कुंपणाबाहेरच्या फडात राहिलं, हा अन्याय आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत झाला.

यंदा पहिलीपासूनच्या हिंदीवरून आपण पेटून उठलो, जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. योग्यच झालं. सप्टेंबरच्या पुरानं मराठवाड्यातली शेतं खरवडून नेली. यंदा नवी कुटुंबंही कोयता हाती घेतील, अशी धास्ती वाटते. त्यांच्या मुलांसाठी आपण तितकेच पेटू का?

अशा मुलांच्या वाट्याला काय येतं, हे शोधायची रीत माहीत नाही असं नाही. 'यंग लाइव्हज' या ऑक्सफर्डच्या अभ्यासानं २००२ पासून इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि आपल्या शेजारच्या अखंड आंध्रातली मिळून सुमारे १२,००० मुलं वर्षानुवर्षं तीच ती भेटून तपासली. गाव सोडून गेलेल्यांचाही माग काढला. गरिबी लहानपणी शरीरात शिरली की पुढे शिकण्यात कशी उतरते, हे तेव्हा कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी असल्याचं सांगितलं. त्यातली फडावरची किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

या अंकाचा विषय 'घर' आहे. लेखकांनी वाडे, चाळी, फ्लॅट, परदेशातली घरं यांवर जीव ओतून लिहिलं आहे. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, एकही लेख आला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

जनगणनेतली प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असेल. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि प्रगणक म्हणून दारोदार तेच जाणार. कारखान्यांचे सभासदही आहेत. आपल्या भागातल्या कोप्या नोंदवल्या जाणार का, हे आताच तहसीलदारांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.