धुरकट डोंगरांतील वसंत

गेल्या चैत्रांत मी अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत मुलाकडे राहावयास गेलों होतों. तेथील ‘ग्रेट स्मोकी माउंटन्स’ नांवाच्या राष्ट्रीय उद्यानांत निसर्ग-छायाचित्रणाचा चार दिवसांचा वासंतिक वर्ग भरणार असल्याचें नातीनें कोठेंसें वाचलें आणि मजला न विचारतांच आम्हां दोघांचीं नांवें नोंदवून टाकलीं. “आजोबा, तुमचा तो कॅमेरा कपाटांत किती दिवस ठेवणार?” एवढेंच तिचें म्हणणें. या सदराच्या वाचकांस माझी फोटो काढण्याची हौस ठाऊक आहे. तींत माझें प्रावीण्य कितपत, तेंहि ठाऊक आहे. असो.

उद्यान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कारंजें, बाकें आणि कुंपण उभें राहतें. हें उद्यान तसलें नव्हे. टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना या प्रांतांच्या सीमेवर पांच लक्ष एकरांहून अधिक पसरलेलें तें डोंगरी अरण्य आहे. त्याचें सर्वोच्च शिखर ६,६४३ फूट उंच. त्याला २०२४ सालीं ‘कुवोही’ हें मूळचें चेरोकी नांव परत देण्यांत आलें. डोंगरांवर सदैव एक निळसर धूर रेंगाळल्यासारखा दिसतो. तो धूर नव्हे. वृक्षांच्या पानांतून निघणाऱ्या वाफा व हवेंतील दमटपणा यांचा तो खेळ आहे.

तेथील वसंत झाडांच्या माथ्यावर येण्यापूर्वीं जमिनीवर येतो. बर्फ वितळलेलें असतें, वरच्या वृक्षांना पालवी फुटावयाची असते, आणि निष्पर्ण फांद्यांतून ऊन थेट भुईपर्यंत पोंचतें. हा अवधि अवघ्या कांहीं आठवड्यांचा. तेवढ्यांत भुईलगतच्या वनस्पतींनीं पानें काढावयाचीं, फुलावयाचें व बीज धरावयाचें. पुढें वर पानांचें छत मिटलें कीं त्यांतील पुष्कळशा पानांसकट दिसेनाशा होतात. या सर्वांत मानाचें फूल ट्रिलियम. तीन पानें, तीन हिरवीं बाह्यदलें, तीन पाकळ्या. बेलाच्या त्रिदलाची सवय असलेल्या डोळ्यांना तें परकें वाटत नाहीं. मोठ्या पांढऱ्या जातीच्या पाकळ्या जून होतां होतां गुलाबी होतात. बियांना एक स्निग्ध गर चिकटलेला असतो. त्याच्या लोभानें मुंग्या बी वाहून नेतात, गर खातात व बी टाकून देतात. तें रुजल्यापासून पहिलें फूल येण्यास सात वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो. ही गोष्ट मीं पहिल्याच दिवशीं वहींत टिपून घेतली होती, हें येथें मुद्दाम सांगतों.

पहिल्या सकाळीं आकाश ढगाळ पाहून आम्हीं सर्वांनीं तोंडें वांकडीं केलीं. आमचे शिक्षक मात्र प्रसन्न. उन्हांत पांढरी पाकळी कोऱ्या कागदासारखी होते आणि सावली काळी ठिक्कर पडते. ढगांतून गाळून आलेल्या उजेडांत पाकळीच्या शिरा दिसूं लागतात, असें त्यांनीं समजावून दिलें व दोन्ही प्रकारें फोटो काढून दाखविले. ओल्या पानांवरची चकाकी भिंगापुढें एक विशिष्ट कांच फिरवून कशी घालवावी, वारा पडलेला असतो म्हणून फुलांकडे पहाटेंच कां जावें, तिपाई किती खालीं बसवावी, हेंहि शिकविलें. ओढ्याचा फोटो घेतांना पडदा सेकंदभर उघडा ठेवला कीं पाणी दुधासारखें उतरतें. हा प्रकार तेथें फार लोकप्रिय आहे. कोयनेच्या कांठीं वाढलेल्या मला मात्र पाण्याचा खळखळाट दिसल्यावांचून पाणी पाहिल्यासारखें वाटत नाहीं. नातीनें ‘आजोबांचें मत’ म्हणून तें सोडून दिलें.

सायंकाळीं शिक्षकांनीं जॉर्ज मासा या माणसाची हकीकत सांगितली. हा जपानी तरुण १९१५ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील ॲशव्हिल गांवीं आला, तेथील एका मोठ्या हॉटेलांत नोकरीस राहिला आणि पुढें छायाचित्रकार झाला. त्या काळीं लाकडाच्या कंपन्या हे डोंगर झपाट्यानें उघडे करीत होत्या. मासा अवजड कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडे. सायकलचें एक चाक पुढें ढकलीत पायवाटांचीं अंतरें मोजी. त्याचा मित्र होरेस केफार्ट लेख लिही, आणि जें अरण्य लोकांनीं कधीं पाहिलेलें नव्हतें तें मासाचे फोटो त्यांच्यापुढें ठेवीत. प्रांतांनीं पैसा दिला, सामान्य जनांनीं वर्गण्या दिल्या, रॉकफेलर यांनीं १९२८ सालीं पन्नास लक्ष डॉलर देऊं केले, आणि १९३४ सालीं उद्यान स्थापन झालें. मासा आदल्याच वर्षीं निष्कांचन स्थितींत वारला होता. १९६१ सालीं एका शिखरास त्याचें नांव देण्यांत आलें.

हा इतिहास सर्वांनाच गोड लागला असें नाहीं. उद्यानासाठीं तेथील शेतकरी कुटुंबांना घरेंदारें सोडावीं लागलीं. वॉकर भगिनींसारख्या थोड्यांना हयात असेतों राहण्याची मुभा मिळाली. त्यांच्याहि पूर्वीं, १८३८ सालीं, चेरोकी लोकांपैकीं बहुतेकांना सैन्याच्या पहाऱ्यांत पश्चिमेस हांकलण्यांत आलें होतें. दुसऱ्या दिवशीं रानांत एक दगडी धुराडें एकटेंच उभें दिसलें, आणि त्याच्या पायाशीं डॅफोडिलचीं पिंवळीं फुलें. कोणा गृहिणीनें अंगणांत लावलेले ते कंद अद्याप दर वसंतांत फुलतात. आपल्याकडे पडक्या वाड्यांत तुळशीवृंदावन तेवढें शाबूत राहतें, त्याची मला आठवण झाली.

तिसऱ्या दिवशींची गोष्ट मात्र माझी आहे. पायवाट सोडूं नये असा दंडक आम्हांस सांगितलेला होता. वाटेच्या आंत दोन हातांवर पांढऱ्या ट्रिलियमचा एक झुबका होता आणि त्याच्यासमोर थोडी मोकळी माती. जणूं बसावयास जागा ठेवलेली! मीं एक पाऊल टाकलें, गुडघा टेंकला व फोटो घेतला. इतका चांगला फोटो मजकडून आजवर निघालेला नाहीं. उठणार तों नात म्हणाली, “आजोबा, हलूं नका. गुडघ्याखालीं कांहीं आहे.”

खालीं एकेका पानाचीं दोन रोपें चुरडलेलीं होतीं. मला तें कसलेंसें तण वाटलें. शिक्षकांनीं वांकून पाहिलें. “हीं ट्रिलियमचींच,” ते म्हणाले, “पहिलीं कांहीं वर्षें त्याला एकच पान येतें.” मग त्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाले, “येथून फोटो फार छान येतो, म्हणूनच येथें कांहीं उगवत नाहीं.” ते रागावले असते तर बरें झालें असतें. ती मोकळी माती निसर्गानें ठेवलेली नव्हती. माझ्याच जातीच्या हौशी लोकांच्या गुडघ्यांनीं ती घडविलेली होती, आणि त्या लोकांना, मला पडला तसाच, ती आयती असल्याचा भास झाला होता.

त्या रात्रीं प्रत्येकानें आपआपले तीन फोटो दाखविले. माझ्या ट्रिलियमला टाळ्या पडल्या. मीं तो कसा काढला तें सांगितलें, तेव्हां खोली शांत झाली. मागच्या बाकावरील एक बाई थोड्या वेळानें म्हणाल्या कीं गतवर्षीं त्याहि तेथेंच बसल्या होत्या, आणि त्यांचा फोटो घरीं दिवाणखान्यांत लावलेला आहे.

चौथ्या दिवशीं नातीनें आपलें लांब पल्ल्याचें भिंग मला दिलें. मीं पायवाटेवर तिपाई ठेवून तोच झुबका पुन्हा टिपला. फुलें लहान आलीं, एका फांदीनें कोपरा अडवला, आणि ती उघडी माती समोर स्पष्ट दिसते.

सूनबाईंनीं फोटोसाठीं चौकट आणून ठेविली आहे. पहिलाच फोटो सुंदर आहे, तोच लावावा, असें त्यांचें मत. दुसरा लावावा असें नातीचें. मी अद्याप कांहीं बोललों नाहीं. चौकट टेबलावर पडून आहे.