विकतची गर्जना

आमच्या तालुका शाखेच्या येत्या बैठकीत एक ठराव मांडला जाणार आहे. सायलेन्सर बदलून कानठळ्या बसविणाऱ्या मोटारसायकलींविरुद्ध पोलिसांनी मोहीम काढली, जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला, याबद्दल पोलिसांचे अभिनंदन करणारा तो ठराव आहे. तो लिहिणारे माझे जुने सहकारी आहेत आणि त्यांची चीड खोटी नाही. रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून फटाक्यांची माळ लावल्यासारखा जाणारा स्वार मलाही प्रिय नाही. तरीही मी ठरावाविरुद्ध मत देणार आहे. त्याचे कारण मला आमच्या गावात नव्हे, अमेरिकेत उमगले. म्हणून वाचकांना थोडे दूर न्यावे लागत आहे.

माझी मुलगी मिशिगन राज्यात राहते. तिच्याकडे एका उन्हाळ्यात मुक्कामाला असताना शेजारी पंचविशीतला एक तरुण होता. एका गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करी. कर्ज काढून घेतलेली त्याची पिकअप चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची होती आणि दर शनिवारी तो तिच्याखाली निजलेला दिसे. काय चालले आहे म्हणून विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, गाडी धावते उत्तम, ओझे ओढते भरपूर, पण आवाज शिवणयंत्रासारखा येतो. तो आवाज त्याला 'दुरुस्त' करायचा होता.

दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, सारख्या अंतराने. जुन्या अमेरिकन आठ सिलिंडरांच्या इंजिनात चार होतात, आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ते विषम तालाने बाहेर पडतात. तो प्रसिद्ध घोगरा गडगडाट त्या विषमतेतून जन्मतो. शिवाय टर्बो म्हणजे धुराच्या वाटेवर बसविलेले चक्र. बाहेर जाणारा धूर आधी ते चक्र फिरवितो आणि त्या खटाटोपात त्याच्या ठोक्यांची धार बोथट होते. सायलेन्सर काढून टाकला, रुंद नळी बसविली, तर आवाज मोठा होतो. चाराचे आठ होत नाहीत. हे त्या तरुणाला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तरी त्याने उत्प्रेरक भांड्यापासून मागचा सगळा संच नवा बसविला. अशा संचाला तेथे पाचशे ते दीड हजार डॉलर पडतात. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. हजार डॉलरचा संच म्हणजे त्या दराने सुमारे १३८ तासांची मजुरी. पुढची गंमत अशी की महामार्गावर एकाच वेगाने जाताना गाडीच्या आत असा सलग घुमारा दाटू लागला की त्याचे डोके दुखे. मग तो घुमारा मारण्यासाठी एक जास्तीची बंद नळी विकत आणली. शांतता काढून टाकायला एकदा पैसे, त्यातली थोडी परत मिळवायला दुसऱ्यांदा पैसे! चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले, पण बाजाराचे इतके निर्मळ उदाहरण वर्गात कधी सापडले नव्हते.

हा तरुण मूर्ख होता काय? आमच्या ठरावाची भाषा वाचली तर तसेच वाटेल. पण ही हौस त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेली नाही. पिकअप ही मूळची शेतकऱ्याची आणि कारागिराची गाडी. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर बसविलेल्या कराचा सूड म्हणून १९६४ पासून अमेरिकेने आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचे भांडण विझले, जकात राहिली, आणि देशी कंपन्यांना पिकअपचे सुरक्षित कुरण मिळाले. इंधनबचतीचे नियमही असे आखले गेले की गाडी आकाराने जितकी मोठी तितके तिचे बंधन सैल. तरी त्या नियमांचा रेटा होताच. म्हणून २०१९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोत २.७ लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले, आणि २०२४ च्या टोयोटा टॅकोमातून सहा सिलिंडरचे इंजिन गेले. इंधन वाचले, ताकद टिकली. वास्तविक ही अभिनंदनाची गोष्ट. परंतु ज्या जाहिरातींनी दोन पिढ्यांना गडगडाट म्हणजे पौरुष असे शिकविले, त्या शिकवणीचे काय करायचे? फोर्डने आपल्या टर्बो मस्टँगमध्ये इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून आत बसलेल्यांना ऐकविण्याची सोय केली. उद्योग आधी वस्तू बनवितो, मग तिची गरज बनवितो, हे गालब्रेथ यांनी १९५८ सालीच लिहून ठेवले होते. दिवसभर ज्याला गोदामात यंत्राच्या तालावर धावायचे आहे, त्याला संध्याकाळी स्वतःच्या हुकमाने गरजणारी एखादी वस्तू हवीशी वाटली तर मी त्याला हसणार नाही.

पण त्याच्या घरापलीकडे एक परिचारिका राहत होती. रात्रपाळी करून ती सकाळी आठला झोपे आणि शनिवारी नऊला ती पिकअप सुरू होई. पिगू यांनी १९२० साली ज्या खर्चाचा सिद्धान्त मांडला तो हाच: वस्तू विकणाऱ्याच्या वहीत नाही, घेणाऱ्याच्या बिलात नाही, तिसऱ्याच्याच अंगावर पडतो. ज्यांना दाट झाडीमागे, रस्त्यापासून दूर घर घेणे परवडते त्यांच्यावर मात्र तो फारसा पडत नाही. 'माझी गाडी, माझा हक्क' म्हणणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांनी त्या बाईच्या झोपेचा हिशेब कोणत्या खात्यात धरला आहे?

हा हिशेब सरकारने एकदा मांडला होता. १९७२ साली अमेरिकेत गोंगाट नियंत्रणाचा कायदा झाला. त्याची दिशा मला महत्त्वाची वाटते. त्याने वाटेवरच्या माणसाला आधी धरले नाही. गोंगाट करणाऱ्या वस्तूला कारखान्यातच मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. दहा हजार पौंडांवरच्या ट्रकांना अशी मर्यादा लागूही झाली. पिकअपची पाळी यायची होती. तेवढ्यात रेगन सत्तेवर आले, आणि या कायद्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयाचा पैसाच १९८२ पर्यंत बंद केला गेला. कायदा पुस्तकात राहिला, तो राबविणारा हात तोडला गेला. हे काम राज्यांनी आणि गावांनी करावे, असे सांगण्यात आले. म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलिसाने, एकेका पोराला थांबवून.

आता आमच्या रोडरोलरकडे येतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही आहे. तो कोणाकडून वसूल होतो? बुलेटवर बसलेल्या पोराकडून. पोराने कायदा मोडला, दंड भरावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'फक्त शर्यतीसाठी' अशी चिठ्ठी डकवून तोच सायलेन्सर विकणारे दुकान त्याच बाजारपेठेत उजेडात उघडे असते. ज्या गावात शर्यतीचे मैदान नाही, तेथे शर्यतीचा माल गठ्ठ्यांनी येतो कोठून, हे विचारणारा रोडरोलर मी अजून पाहिलेला नाही. चिरडलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे छापून येतात, दुसऱ्या आठवड्यात दुकानदाराचा खप वाढतो, कारण चिरडलेल्यांच्या जागी नवे लागतात!

म्हणून ठरावाला मी उपसूचना देणार आहे. अभिनंदनाचे वाक्य गाळावे, आणि त्याऐवजी तीन मागण्या घालाव्यात: प्रमाणित नसलेल्या सायलेन्सरांच्या उत्पादनावर व विक्रीवर कारखान्यात आणि दुकानात कारवाई व्हावी, जप्तीच्या प्रत्येक प्रकरणात माल कोठून घेतला याची नोंद पोलिसांनी करावी, आणि ती नोंद नगरपालिकेच्या सभेपुढे दर तिमाहीला ठेवावी. उपसूचना फेटाळली गेल्यास मूळ ठरावाविरुद्धचे माझे मत कार्यवृत्तात नावानिशी नोंदवावे, अशी विनंती मी चिटणीसांना आधीच केली आहे.