गावाची शिरगणती आणि गाडीचा थांबा

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. घरे किती, माणसे किती, पोस्ट आहे का, बस येते का, रेल्वे स्टेशन किती लांब. २०११ च्या पुस्तिकेत गावात एखादी सोय नसेल तर अंतरासाठी फक्त एक अक्षर आहे : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या वर. एवढ्यावर गावाची ओळख संपते.

तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यातील तिरुक्करुगावूर हे असेच एक लहान गाव आहे. भोवती कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. रेल्वे गावात नाही. तंजावर-कुंभकोणम मार्गावरील पापनाशम हे जवळचे स्टेशन सुमारे सहा-सात किलोमीटरवर आहे. तिथून बस किंवा रिक्षा. पण या गावात गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे. मूल व्हावे म्हणून आणि बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून दूरदूरच्या बायका तिथे येतात. पोटुशी बाई उतरून बस शोधते, तेव्हा पुस्तिकेतले ते अक्षर तिच्या काय कामाचे?

आपल्याकडे पंढरपूर पाहा. २०११ मध्ये गावची वस्ती सुमारे एक लाख, आणि आषाढीला माणसे येतात कित्येक लाख. शिरगणती राहणाऱ्यांची होते, येणाऱ्यांची होत नाही.

हीच चूक रेल्वेच्या हिशोबात होते. थांब्याचे उत्पन्न पाहताना त्या स्टेशनच्या खिडकीवरील तिकीट विक्रीवर भर असतो. पण चेन्नईहून येणाऱ्याने तिकीट चेन्नईला काढलेले असते; परतीचेही बहुधा तिथूनच किंवा मोबाईलवर काढलेले असते. उतरणारा माणूस लहान स्टेशनच्या वहीत दिसतच नाही. मग कागदावर स्टेशन तोट्याचे ठरते, आधी थांबा जातो, मग माणूस कमी होतो.

२०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक गाड्या एक्स्प्रेसच्या नावाने धावल्या आणि कमीत कमी भाडे दहा रुपयांचे तीस झाले. साधे भाडे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तोपर्यंत हा भुर्दंड खेड्यातल्या माणसाने सोसला. रस्त्यावर मात्र वेगळे घडले. तमिळनाडूत मे २०२१ पासून साध्या शहर-बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे.

तंजावरला मराठी राज्य होते हे आपण अभिमानाने सांगतो. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला आपल्या छत्रांची माहिती कळवली होती. रामेश्वरच्या वाटसरूंना तिथे जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. गरोदर बाईचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई आणि पुढे तीन महिने तिला राहता येई. छत्र चालवताना त्या गावची वस्ती किती, हा प्रश्न नव्हता. वाटेने कोण जाते हे पाहिले जाई.

टपाल खात्यातील बंधूंना हे वेगळे सांगायला नको. खेड्यातले शाखा डाकघर ग्रामीण डाक सेवक सांभाळतो. तो नागरी पदावर आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले. तरी त्याचा मोबदला चार-पाच तासांच्या हिशोबाने ठरतो, आणि नियमित नोकराची पेन्शन त्याला नाही. गाव लहान म्हणून नोकरीही लहान, असा हा न्याय आहे.

आपल्या मागण्या सरळ आहेत. थांबा काढण्यापूर्वी चढणाऱ्यांबरोबर उतरणाऱ्यांचीही महिनाभर मोजणी करा, आणि त्यात जत्रेचे दिवस धरा. लहान स्टेशनवर सावली, पाणी, संडास आणि गाडीच्या वेळेला जोडणारी बस द्या. ग्रामीण डाक सेवकाला नियमित करा.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तीही राहणाऱ्यांचीच असेल. येणाऱ्यांची मोजणी आपण करू शकतो. गेटवरचा तिकीट कलेक्टर, पॉइंट्समन आणि शाखा पोस्टमास्तर यांना गावात कोण येते-जाते ते ठाऊक असते. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक लहान स्टेशन निवडावे, महिनाभर आकडे लिहावेत आणि फेडरेशनकडे पाठवावेत. मागणीमागे आकडे असले की प्रशासनाला ती सहजासहजी बाजूला सारता येत नाही.