स्प्रिंग कापू नका रे!

गाडी लो केली की ती रेसिंगची झाली, हा होस्टेलवरचा लाडका समज! आमच्या वरणगावात एका गॅरेजवाल्याने तर मला सरळ सांगितले, "स्प्रिंगचे दोन वेढे काप, मस्त बसते." बसते ना! पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि शॉकअप मात्र जुनाच राहतो. तो ही उसळी आवरू शकत नाही, टायर रस्ता सोडतो आणि वळणावर पकड जाते. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर हौस भागवायची असेल, तर स्प्रिंग-शॉकअप जोडीनेच बदला. पण तोच कडक सेट घेऊन भुसावळ रोडच्या खड्ड्यांत शिरलात, की कंबर तुमची! पैसे कमी असतील तर आधी चांगले टायर घ्या, अलाइनमेंट करा. स्पॉयलर मागाहून.