रुळाचा धनी कोण?

वर्गातील काच फुटली म्हणजे आम्ही शिक्षक प्रथम ‘कोणी फोडली?’ असे विचारतो. कंपनीच्या बाबतीत हाच साधा प्रश्न निरुत्तर राहतो.

१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळ घसरली. चार माणसे प्राणास मुकली. तडे गेलेला रूळ चाकांखाली भंगला होता. ते तडे आधीच ठाऊक होते. नवे रूळही उपलब्ध होते. बसविले मात्र गेले नव्हते! मार्ग एका कंपनीचा, देखभाल दुसरीकडे.

२००५ साली मनुष्यवधाचा आरोप न्यायालयात टिकला नाही. कंपनीला दोषी ठरविण्यास जुन्या कायद्याप्रमाणे आधी तिच्या एखाद्या वरिष्ठाचा अपराध सिद्ध व्हावा लागे. सुरक्षिततेच्या नियमभंगाबद्दल देखभाल करणाऱ्या कंपनीला १ कोटी पौंड दंड झाला, तोही अपिलात ७५ लाखांवर आला. खटल्यातील अधिकारी सुटले.

२००७ च्या नव्या ब्रिटिश कायद्याने वरिष्ठ व्यवस्थापनाच्या घोर हलगर्जीपणावरून कंपनीला दोषी ठरविता येते. पण शिक्षा पुन्हा दंडाचीच, आणि त्या कायद्याखाली कोणाही व्यक्तीवर खटला चालत नाही. दंड भरते ती तिजोरी. दुरुस्ती लांबविणाऱ्याला त्याची झळ ती काय? माझ्या मते देखभालीच्या वहीत रूळ केव्हा बदलावयाचा होता आणि तो कोणी पुढे ढकलला, या दोन रकान्यांपुढे सही असावी.