नाव तिचे, व्यवसाय त्याचा

१९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या व संस्थांचा कारभार हाती घेऊन आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. परभणी जिल्हा त्या दिवशी हैदराबाद राज्यातच होता. द्वैभाषिक मुंबई राज्यात तो आला त्यानंतर दोन महिन्यांनी. शहरातील सुखवस्तू वर्गापुरता उरलेला विमा खेड्यातील सामान्य माणसापर्यंत न्यावयाचा, हा राष्ट्रीयीकरणामागील एक प्रमुख हेतू होता. तो बऱ्याच अंशी सफल झाला. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या खेड्यांतून पॉलिसी पोहोचली. प्रथम सायकलवरून, पुढे मोटारसायकलवरून. मात्र त्या वाहनावर बसलेला विमा प्रतिनिधी जवळजवळ नेहमीच पुरुष असे. ही गोष्ट इतकी सवयीची झाली की तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे कोणास वाटले नाही.

हा प्रश्न आता पुढे आला आहे, कारण ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे ‘विमा सखी’ योजनेचा प्रारंभ झाला. दहावी उत्तीर्ण झालेल्या, १८ ते ७० वर्षे वयाच्या स्त्रियांना महामंडळाने प्रतिनिधी म्हणून घ्यावयाचे आणि पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० व तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन द्यावयाचे, अशी ही योजना आहे. कमिशन याखेरीज मिळावयाचे. योजनेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विमा व्यवसायात स्त्रिया मागे का राहिल्या, याचे निदान चुकले तर औषध लागू पडणार नाही.

नेहमीचे निदान स्वभावाचे असते. विमा विकण्यास जी चिकाटी व धिटाई लागते ती स्त्रियांत नसते, असे पूर्वी म्हटले जाई. आता त्याच्या उलट, स्त्रिया मुळातच सोशिक व गोडबोल्या असल्याने विमा विकण्यास योग्य, असे म्हटले जाते. दोन्ही विधाने सारखीच पोकळ आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील विमा कंपन्यांनी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांना मोठ्या संख्येने विमा विकण्याच्या कामास लावले आणि पुढे अनेक दशके तेथे दारोदार जाऊन विमा विकणारा वर्ग मुख्यतः स्त्रियांचाच राहिला. त्यांच्या धिटाईचा प्रश्न कोणी काढला नाही. मात्र त्यांतील पुष्कळ जणी थोड्याच काळात काम सोडून जात आणि व्यवस्थापकांच्या खुर्च्या पुरुषांकडेच राहत. तेव्हा गोम स्वभावात नसून व्यवसायाच्या रचनेत आहे.

ही रचना कमिशनची आहे. प्रतिनिधीला पगार नाही. हप्ता भरला गेला तर त्यातून ठराविक अंश त्याचा. कागदावर हा नियम स्त्री-पुरुषांना एकच आहे. तथापि कमिशन हे केवळ श्रमाचे मोल नसते. माणसाच्या पदरी आधीच असलेल्या ओळखीपाळखीचे, वाहनाचे, मोकळ्या वेळेचे आणि चार पैशांचेही ते मोल असते. मानवत किंवा सेलूच्या बाजार समितीत कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी पट्टी हाती पडते त्याच वेळी बोलता येणे, शिक्षकांच्या पतसंस्थेत उठबस असणे, दिवेलागणीनंतर शेतावरून परतलेल्या माणसाला त्याच्या ओसरीवर गाठणे, हा या धंद्याचा खरा कच्चा माल आहे. ग्राहकाचा पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरण्याची, कमिशनमधून सूट देण्याची रीतही गावोगाव परिचयाची आहे. १९३८च्या विमा कायद्याचे कलम ४१ अशा सवलतीस मनाई करते. पण कायदा मोडण्यासाठीसुद्धा हाती भांडवल लागते. स्त्रीच्या हाती ना ते भांडवल, ना संध्याकाळ, ना मोटारसायकल. तिला उरते आपली गल्ली, आपला बचत गट आणि माहेर-सासरचा गोतावळा.

आणि जेथे स्त्रीचे नाव प्रतिनिधींच्या यादीत दिसते, तेथेही ती त्या व्यवसायात असतेच असे नाही. सरकारी नोकराला विम्याची एजन्सी चालवता येत नाही; म्हणून ती पत्नीच्या नावे घ्यावयाची, पत्नीने सह्या करावयाच्या आणि ग्राहक पतीने जमवावयाचे, हा प्रकार तालुक्याच्या गावी नवा नाही. सरकारला तो ठाऊक नाही असेही नव्हे. केंद्राचे १९६४चे आणि महाराष्ट्राचे १९७९चे वर्तणूक नियम पाहावेत. पत्नीच्या विमा एजन्सीसाठी सरकारी नोकराने ग्राहक मिळवणे हा नियमभंग होय, असे त्यांत स्वतंत्रपणे नमूद केले आहे. जे घडतच नाही त्यासाठी नियम करावा लागत नाही. याचा अर्थ असा, की स्त्री-प्रतिनिधींची संख्या निम्म्याहून बरीच कमी आहेच. पण आहे तेवढ्या संख्येवरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

राज्यसंस्थेनेही या विभागणीस हातभार लावला. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली आणि डाकघरातील आवर्ती ठेवींचे मासिक हप्ते घरोघर जाऊन गोळा करण्याचे काम खास स्त्रियांकडे सोपवण्यात आले. हजारो स्त्रियांना त्यातून स्वतःची कमाई मिळाली, हे विसरता कामा नये. परंतु छोटी रक्कम, दरमहाची पायपीट व चार टक्के कमिशन ही स्त्रीची वाटणी ठरली. आणि मोठी रक्कम व वर्षानुवर्षे चालणारे कमिशन देणारा विमा पुरुषाकडे राहिला. जी स्त्री महिनोन्‌महिने दारोदार हिशेब चोख ठेवू शकते, तिला विमा जमणार नाही असे मानण्यास आधार कोणता?

ग्राहक म्हणूनही स्त्री दुय्यमच मानली गेली. स्वतःची कमाई नसलेल्या स्त्रीचा विमा पतीच्या विम्याच्या मर्यादेतच उतरवावयाचा, असा महामंडळाचा दंडक दीर्घकाळ होता. परभणीच्या शेतात निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचणी स्त्रियाच करतात. पण सातबारावर नाव पतीचे आणि घरच्या शेतात मजुरी नाही, म्हणून विम्याच्या फॉर्मवर ती ‘कमाई नसलेली’. साहजिकच विकणाऱ्याने बोलावयाचे ते पुरुषाशी, आणि पुरुषाशी बोलावयास पुरुषच हवा, असा फेरा पूर्ण होतो.

या पार्श्वभूमीवर विमा सखीच्या अटी तपासाव्यात. वर्षाकाठी किमान २४ पॉलिसी आणि पहिल्या वर्षाचे किमान ४८,००० रुपये कमिशन तिने मिळवावयाचे आहे. म्हणजे पॉलिसीमागे सरासरी २,००० रुपये. कमिशन हप्त्याच्या चतुर्थांश धरले, तर प्रत्येक ग्राहकाचा वार्षिक हप्ता ८,००० रुपये असावयास हवा. पूर्णा किंवा पालम तालुक्यातील दहावी झालेल्या सुनेच्या ओळखीत अशी २४ कुटुंबे कोठून यावीत? पहिल्या वर्षी नातेवाईक भिडेखातर हो म्हणतील. दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मात्र पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू राहिल्या तरच मिळते. २४ पैकी नऊ बंद पडल्या की ते थांबले. २०१५चा दुष्काळ किंवा सप्टेंबर २०२४ची अतिवृष्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नऊ हप्ते चुकण्यास किती अल्प कारण पुरते हे सांगावे लागणार नाही. पाऊस चुकला तर भुर्दंड सखीला, असा हा हिशेब आहे.

योजनेत एक अट मात्र योग्य आहे. विद्यमान प्रतिनिधींच्या व महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या नातलग स्त्रियांना तीत प्रवेश नाही. नाव तिचे आणि व्यवसाय त्याचा, ही वाट त्यामुळे काही प्रमाणात बंद होते. इतर कार्यालयांतील नोकरदारांच्या घरांपुरती ती उघडीच आहे.

स्त्रीने विमा विकण्याचे महत्त्व केवळ तिच्या कमाईपुरते नाही. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या कलम ६ अन्वये पतीने पत्नी व मुलांच्या हितासाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी न्यास ठरते आणि सर्वसाधारणपणे पतीचे सावकार तीवर हात टाकू शकत नाहीत. ज्या मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आणि मागे राहिलेल्या स्त्रियांच्या दारी देणेकरी उभे राहिले, तेथे हे कलम किती जणींना माहीत आहे? पॉलिसी घेतानाच त्याचा उल्लेख करावा लागतो, नंतर नव्हे. ओसरीवर पुरुषापुरुषांत झालेल्या बोलण्यात ते राहून जाते. माजघरात बसून ते समजावून सांगणारी व्यक्ती हवी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. घटते विद्यावेतन पुरेसे नाही. तीन वर्षांनंतरही टिकेल असे किमान मासिक उत्पन्न आणि भविष्यनिर्वाह निधी हवा. हप्त्यांची व लक्ष्यांची वेळ सुगीशी जुळवावी आणि सरकारने दुष्काळ वा अतिवृष्टी जाहीर केलेल्या तालुक्यांत ६५ टक्क्यांची अट स्थगित ठेवावी. पदवीधर सखींचा विकास अधिकारीपदासाठी विचार होईल असे आश्वासन आहे. काही वर्षे चोख काम करून दाखवणाऱ्या दहावी-बारावीच्या सखीलाही तो मार्ग खुला असावा. महामंडळाला पहिली स्त्री व्यवस्थापकीय संचालक, उषा सांगवान, लाभली ती २०१३ साली, म्हणजे स्थापनेनंतर ५७ वर्षांनी. परभणीतल्या सखीला तालुक्याच्या कार्यालयातील खुर्चीसाठी तितकी वाट पाहावयास लावू नये.

राष्ट्रीयीकरणाने विम्याची मालकी बदलली. विम्याची वाट मात्र ओसरीपाशीच थांबली. ती उंबरठ्याच्या आत नेणाऱ्या स्त्रीला तिच्या श्रमाचे मोल निश्चितपणे मिळाले पाहिजे, आणि ते तिच्याच हातात पडले पाहिजे.