फोटोतला बाबू आणि दारातला बाबू



१२ डिसेंबर आला की आपल्या मंडळाच्या हॉलमधला हुतात्मा बाबू गेनूचा फोटो पुसला जातो. हार, दोन भाषणे, स्वदेशीची शपथ आणि शेवटी बटाटेवडा-चहा. यंदाही होईल, जरूर व्हावे. पण मी पडलो बँकेतला कारकून. नुसती जमेची बाजू वाचून ताळेबंद जुळत नाही, खर्चाचीही वाचावी लागते.

आपल्या भाषणांत बाबू गेनू एकदम काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाच्या ट्रकसमोरच उगवतो. त्याआधीच्या बावीस वर्षांचे काय? १९०८ साली पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळला जन्म. घर गरीब शेतकऱ्याचे. वडील लवकर गेले. गावात पोट भरेना म्हणून मुंबईची वाट धरली आणि पोरगा कापडगिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी तो गेला तेव्हा कोणाचा तरी कमावता मुलगा गेला. आज काळबादेवीत त्याच्या नावाचा रस्ता आहे, डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्याचेच नाव आहे. पण त्याच्या मागे घरात कोण उरले, हा प्रश्न आपल्या हॉलमध्ये मी एकदाही ऐकलेला नाही.

आता दारातला बाबू पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरे बडोद्यात बांधकामावर येतात. पगाराच्या दिवशी आमच्या काउंटरवर गावी पैसे पाठवायला रांग लावतात. त्यातला एक, पंचविशीचाही नसेल, गेल्या पावसाळ्यात परातीवरून पडून गेला. खात्यात थोडी रक्कम होती, नॉमिनी नव्हता. बायको कडेवर मूल घेऊन आली. गुजराती वाचता येईना, वारसाचे कागद कुठून आणायचे ते कळेना. चार खेपा झाल्या. या शहरात आपली एवढी जुनी मराठी घरे, तिच्यासोबत एक माणूस आला नाही. त्यात मीही आलो. काउंटरच्या आतून नियम सांगत बसलो.

मागच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की या मजुरांना नाममात्र वर्गणीत सभासद करावे, दोन जुन्या सभासदांच्या शिफारशीची अट काढावी. उत्तर मिळाले, "मंडळाचा दर्जा राहणार नाही." दुसरे म्हणाले, "त्यांची भाषा कुठे मराठी, ती अहिराणी!"

वा! ज्यांच्या पुण्याईवर आपण या शहरात मिरवतो ते सयाजीराव महाराज कोण होते? मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळ, १८७५ साली दत्तक आलेला. त्या मुलखातही अहिराणीच कानी पडते. तेव्हा कोणी दोन सभासदांची शिफारस मागितली असती तर?

कोणी म्हणेल, मंडळ म्हणजे काही कामगार युनियन नव्हे. कबूल. मी युनियन मागतच नाही. महिन्यातून एका रविवारी दोन तास हॉल उघडा ठेवा. आपल्यात निवृत्त बँकवाले, वकील, शिक्षक पुष्कळ आहेत. पोरांच्या खात्याला नॉमिनी लावून देऊ. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचे विमा संरक्षण देणारी सरकारी योजना २०१५ पासून चालू आहे (हप्ता आधी १२ रुपये होता, २०२२ पासून २० झाला). खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. पण फॉर्मच भरला नाही, किंवा हप्त्याच्या वेळी खाते रिकामे असले, तर मागे राहिलेल्या बाईच्या हाती काही पडत नाही. आपल्या वड्याच्या एका प्लेटीत त्या हप्त्याचे पैसे निघतात!

पुढच्या सभेत हाच ठराव पुन्हा आणणार आहे. विरोध करायचा तर जरूर करा, पण फोटोखाली उभे राहून करा. आणि तेही जमत नसेल, तर १२ डिसेंबरला हार घालू नका. घरच्यांची विचारपूस न करता घातलेला हार बाबू गेनूला नको असेल.

– एक सभासद, बडोदे